कुत्र्याची लस आणि माणसाची चिठ्ठी एकाच टेबलावर: आमच्या अंगणातलं रेबीज शिबिर

आधी मार्क सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच, आणि तो कापताना माझा हात जराही अडखळला नाही.

शिबिर रेबीज प्रतिबंधाचं होतं. मोकाट आणि पाळीव कुत्र्यांना लस, माणसांना माहिती. शिबिरांचं आम्हाला नवल नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, डोळ्यांचं झालं, शुगरचं झालं, निवडणुकीच्या तोंडावर तर दर रविवारी काही ना काही मोफत तपासून मिळतं. हे वेगळं एवढ्यासाठी, की यात एमबीबीएसची मुलं आणि व्हेटर्नरीची मुलं जोडीनं आली होती. एरवी माणसांचे डॉक्टर कुत्र्याकडे बघत नाहीत आणि जनावरांचे डॉक्टर मालकाच्या पायाकडे बघत नाहीत. इथे दोघांची वही एक होती. त्या वहीवरच मला बोलायचंय.

मी मेस चालवते. विदर्भातलं शहर, कॉलेजांचा पट्टा, दोन वेळचे डबे आणि बसून जेवणारेही. दोन्ही कॉलेजांतली काही मुलं माझ्याकडेच जेवतात, तेव्हा स्पष्ट सांगते: ओळख आहे म्हणून मार्क वाढवलेले नाहीत आणि दोघा-तिघांची उधारी आहे म्हणून कापलेलेही नाहीत.

जागा माझी मागायचं कारण सरळ होतं. मागच्या अंगणात नळ आहे, कडुनिंबाची सावली आहे आणि कुत्री आहेत. मेस म्हटलं की मागच्या दाराशी कुत्री आलीच. रात्री उरलेल्या पोळ्या त्यांच्या. यावरून लेआउटच्या ग्रुपवर माझ्या नावानं बरंच काही लिहून येतं. सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथेच सोडा, आणि त्यांना खाऊ घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच घाला. यातला पहिला भाग मी ग्रुपवर टाकते, दुसरा भाग समोरच्या बंगल्यातले काका टाकतात. असं चाललंय.

माझं सासर इथलं, माहेर परळचं. ज्यांनी परळ पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, आमच्या चाळीपासून बैलघोडा हॉस्पिटल चालत जायच्या अंतरावर, त्याला लागून जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज, तेही १८८६ पासूनचं. माणसांचं केईएम जवळच, लसी बनवणारं हाफकिन जवळच. लहानपणी दादाला कुत्रा चावला तेव्हा त्याला पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. रोज एक. ओळीनं चौदा. बेंबीभोवती जागा बदलत बदलत टोचायचे आणि दादा आदल्या रात्रीपासून रडायचा. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या सुमारास बंद झाली, पण तिची दहशत अजून बंद झालेली नाही. आजही मेसमध्ये भांडी घासणाऱ्या बायका 'पोटात चौदा' म्हणूनच बोलतात आणि त्या भीतीनं दवाखान्यात जात नाहीत. दादाच्या वेळी सगळी चाळ त्याच्या इंजेक्शनांत गुंतलेली. ते कुत्रं पुढे जगलं की मेलं, आणखी कोणाला चावलं का, याची चौकशी करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. दोन्ही प्रश्न एकदम विचारणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती या शिबिरात.

आता दिवसाकडे येते. 'काकू, आठच्या ठोक्याला पोचतो' म्हणाले आणि आले साडेदहाला. हा पहिला दोष, आणि तो लहान नाही. मोकाट कुत्रं सकाळी सहा-सातला दारात असतं. ऊन चढलं की ते कुठल्यातरी गाडीखाली नाहीतर नाल्याच्या पुलाखाली जाऊन पडतं, मग बोलवा किती बोलवायचं ते. व्हेटर्नरीच्या मुलांना हे माहीत असणारच. उशीर मेडिकलवाल्यांची बस वेळेवर न सुटल्यानं झाला, असं मेडिकलवाले सोडून बाकी सगळ्यांनी मला सांगितलं.

सोबत व्हेटर्नरीचे एक सर आणि मेडिकलच्या एक मॅडम होत्या. लस सरांच्या देखरेखीखालीच टोचली जात होती. मेडिकलची मुलं कोणाही माणसाला सुई लावत नव्हती. विचारायचं, जखम बघायची, धुवायला लावायची आणि गरज असेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, एवढंच त्यांचं काम. हे मला आवडलं. शिकाऊ पोरांनी आपल्या मापाचंच काम करावं.

टेबल माझं, स्टीलचं, सहा जण जेवायला बसतात ते. त्यावर मधोमध एक मोठी वही उघडून ठेवली. डाव्या पानावर कुत्रं: रंग, नर की मादी, अंदाजे वय, कान कापलेला आहे का (म्हणजे नसबंदी झाली आहे का), कोणाच्या दाराशी राहतं, आधी लस झाली आहे का. उजव्या पानावर त्याच ओळीत माणसं: या कुत्र्यानं कोणाला चावलंय का, ओरखडलंय का, जखमेवर चाटलंय का, घरात लहान मूल आहे का. डावं पान भरायला सांगलीकडची एक मुलगी, व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाची. उजवं पान भरायला लातूरची, इंटर्नशिप करणारी. दोघींची आधीची ओळख नसावी, कारण पहिला तासभर एकमेकींना 'अहो मॅडम' म्हणत होत्या. दुपारनंतर 'अगं' सुरू झालं.

लसीचा डबा निळा, आत बर्फाची पाकिटं. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. गोठूनही चालत नाही आणि तापूनही चालत नाही. मी मेसवाली, फ्रिजचं दार उघडं राहिलं की मला झोप लागत नाही, तेव्हा माझं लक्ष त्या झाकणावरच. मेडिकलच्या एका चष्मेवाल्या पोट्ट्यानं झाकण उघडं टाकून फोन घेतला. मी तोंड उघडायच्या आत सांगलीची कडाडली, "अरे, झाकण! दूध असं ठेवतोस का घरी?" पोट्टा फोन ठेवून आला. तिथून पुढे झाकण बंदच राहिलं.

कुत्री धरणं हा खरा तमाशा. पाळीव कुत्र्यांचं सोपं. मालक धरतो, तोंडाला पट्टीचं मुसकं बांधतात, खांद्यामागची कातडी चिमटीत उचलून सुई. कुत्र्याला कळायच्या आत झालेलं असतं. मोकाट कुत्र्यांना जाळं लागतं. पण जाळं दिसलं की एकाला कळतं आणि एकाला कळलं की सगळ्या गल्लीला कळतं. शेवटी मी रस्सा लावलेल्या पोळीचे तुकडे परातीत घेऊन बसले. काळ्या आला, शेरू आला, त्या दोघांच्या मागे आणखी चार. सांगलीची माझ्या शेजारी उकिडवी बसून एका हातानं मानेवर खाजवायची आणि दुसऱ्या हातानं टोचायची. जाळं जितकं लागेल असं वाटलं होतं त्याच्या निम्मंही लागलं नाही. पुढे कोणी शिबिर घेणार असाल तर हे लिहून ठेवा: कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी बाई हाताशी असली की अर्धं काम तिथेच होतं. तिला ग्रुपवरून काढून टाकू नका.

चष्मेवाल्यालाही हौस आली, तो पुढे सरसावला. सरांनी विचारलं, "तुझे तीन डोस झालेत?" व्हेटर्नरीच्या मुलांनी रेबीजची लस चावण्याआधीच घेतलेली होती; पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन-चार आठवड्यांनी अशी. तशी घेतलेली असली आणि पुढे कधी कुत्रं चावलं तर दोनच डोस पुरतात आणि जखमेत टोचायचं ते सिरम (रोगाशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं) लागत नाही. मेडिकलच्या पोट्ट्याचे डोस झालेले नव्हते. "मग तू वही सांभाळ," सर म्हणाले. होणारा डॉक्टर वही धरून उभा, आणि सांगलीची काळ्याचा जबडा धरून. आमच्या गल्लीतल्या बायकांनी हे डोळे भरून पाहिलं.

दर लस झालेल्या कुत्र्याच्या पाठीवर हिरव्या रंगाचा फवारा मारायचा, म्हणजे तेच कुत्रं परत धरलं जात नाही. कल्पना चांगली. फक्त फवारणारा पोरगा हात मोकळा सोडून फवारत होता. माझी मागची भिंत आता हिरवी आहे. भिंतीलाही लस झाली असं आमचे हे म्हणतात.

आकड्यांचं सांगते, कारण ते मला पटलं. सांगलीनं आधी मला विचारून गल्लीतली कुत्री मोजली: पिल्लू धरून सतरा. म्हणाली, शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रोगाला एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात जायला वाट मिळत नाही, साखळी तुटते. सतरातली बारा. मी म्हटलं, मग बारा करून उठा. दुपारी एकपर्यंत अकरा झाली. बाराव्यासाठी सगळे लंगडीच्या मागे. लंगडी तीन पायांवर पळते पण चार पायांच्यांना हात लावू देत नाही. नाल्याच्या भिंतीशी जाळ्यात आली, बारा भरली, टाळ्या पडल्या. सर मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते म्हणाले, ही बारा पुढच्या वर्षी बारा राहणार नाहीत. काही मरतात, नवी पिल्लं होतात, बाहेरून येतात. दर वर्षी परत यावं लागतं. गोव्याचं उदाहरण त्यांनी दिलं. तिथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून दर वर्षी लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचत गेले, वस्ती-वस्तीची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये ठेवली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं. कुत्री हाकलून नाही, टोचून. समोरच्या बंगल्यातले काका हे ऐकत उभे होते. काही बोलले नाहीत, पण रात्री ग्रुपवर गोव्याची एक लिंक त्यांनीच टाकली.

आता या शिबिराला चार मार्क का, ते.

माझ्याकडे भांडी घासायला मंदा येते. तिचा मुलगा आठ वर्षांचा, शाळेला सुट्टी असली की अंगणातच असतो. दोन महिन्यांचं एक भुरं पिल्लू त्याच्या मागे मागे फिरत असतं. सांगलीनं पिल्लाचं डावं पान भरलं. उजव्या पानासाठी लातूरची सरावानं विचारत होती तेच तिनं विचारलं: यानं कोणाला चावलंय, ओरखडलंय? मंदा म्हणाली, "काही नाही जी. खेळता खेळता नख लागलं पोट्ट्याले. चार-पाच दिस झाले. रक्तगिक्त नव्हतं आलं."

दुसरं कोणी असतं तर 'नाही' लिहून पुढची ओळ घेतली असती. लातूरची उठली आणि पोराला घेऊन नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आईपासून लांब. काय बोलली ते पुरतं ऐकू आलं नाही, पण तिनं आधी पिल्लाचं नाव विचारलं, ते काय खातं ते विचारलं, आणि मग पायाचं. पोटरीवर बोटभर लांबीचा वाळलेला ओरखडा होता. पोरगा म्हणाला, आलं होतं रक्त. चड्डीला पुसलं. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं की आई पिल्लाला नाल्यापलीकडे सोडून येईल.

इथे माझ्या डोळ्यांसमोर दोघींची जुंपली. सांगली म्हणाली, पिल्लू खेळतंय, खातंय, पाच दिवस झालेच आहेत. दहा दिवस बघू. लातूर म्हणाली, रक्त आलेला ओरखडा म्हणजे तिसऱ्या वर्गाची, सगळ्यात गंभीर धरतात ती जखम, लस आजच आणि सिरमही आजच, पाच दिवस आधीच गेलेत. सांगली म्हणाली, पण दहा दिवसांचा नियम आहेच की. सर आणि मॅडम दोघंही जवळ आले. मॅडम म्हणाल्या की तुम्ही दोघीही बरोबर आहात, फक्त तो दहा दिवसांचा नियम वाट बघायला नाही. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो ते आजारी दिसायच्या थोडेच दिवस आधी. म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं म्हणता येतं, आणि मग उरलेल्या डोसांचा विचार डॉक्टर करू शकतात. पण लस सुरू करायची ती आजच, कारण रोगाची लक्षणं एकदा दिसली की मग वाचवायला हातात काही उरत नाही. सरांनी पुढे सांगितलं की पिल्लाला आज लस द्यायची नाही. लसीनं ताप आला, सुस्ती आली, तर ती लसीची की रोगाची हे कळणार नाही. दहा दिवस भरले की येऊन टोचू. तोवर पिल्लू इथेच बांधून ठेवायचं, नाल्यापलीकडे न्यायचं नाही.

पोराच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी लिहीत नाही. पण एक बघा. मेडिकलवाली एकटी आली असती तर पोराला दवाखान्यात धाडलं असतं आणि मंदानं त्याच संध्याकाळी पिल्लू सोडून दिलं असतं. मग ते जगलं की मेलं कोणाला कळणार? व्हेटर्नरीवाली एकटी आली असती तर पिल्लाचं पान भरून पुढे गेली असती आणि 'रक्तगिक्त नव्हतं आलं' हेच खरं ठरलं असतं. हा ओरखडा सापडला तो वहीच्या दोन पानांच्या मधल्या घडीत. मला तरी शिबिराची किंमत तिथेच वसूल झाली.

रविवार होता, ओपीडी बंद. लातूरची स्वतः मंदाला आणि पोराला रिक्षात घालून सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेली. त्याआधी ओरखडा साबणानं धुवून घेतला, पाच दिवसांचा असला तरी. सिरम जखमेच्या जागीच टोचलं, ते दुखलं, पोरगा ओरडला. लस मात्र दंडात, कातडीच्या आत, दोन्ही दंडांना एकेक थेंबभर. मुगाएवढा फोड उठतो आणि बसतो. पोटात काही नाही. चौदा नाही. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, बस. सगळं फुकट. मंदानं दुसऱ्या दिवशी हे इतर कामवाल्या बायकांना सांगितलं, आणि त्या एका सांगण्यानं जे काम झालं ते पोस्टरांनी झालं नसतं.

नळाशी केलेलं एक प्रात्यक्षिकही चांगलं होतं. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, हे सगळेच सांगतात आणि सगळेच अर्ध्या मिनिटात नळ बंद करतात. मुलांनी माझ्याकडून हळद आणि तेल मागून घेतलं, ते कालवून चार पोरांच्या हातांना चोळलं आणि धुवायला लावलं. मिनिटाभरानं हात पिवळेच. पाच मिनिटांनीही नखांच्या कडेला पिवळं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते तेव्हा कळलं. माझी वरची टाकी रिकामी झाली हेही इथेच नोंदवते.

प्रश्नोत्तरांत सासूबाई रंगल्या. "आमच्या टायमाले कुत्रं चावलं का सात विहिरीत डोकावाले लावत," त्या म्हणाल्या. "अन् तिखट भरत जखमेत." चष्मेवाल्यानं हसू दाबलं. लातूरची हसली नाही. म्हणाली, "आजी, विहिरीत डोकावलात तर डोकावा, पण आधी नळाखाली बसा. तिखट, चुना, हळद मात्र जखमेला लावू नका. आणि लगेच टाकेही घालून घेऊ नका." सासूबाईंना हा तह मान्य झाला. गवळ्यानं विचारलं की पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या म्हशीचं दूध प्यायलं तर? हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरचा की जनावरांच्या, हे मेडिकलच्या मुलांना ठरवता येईना. सर म्हणाले, दूध उकळलं की विषाणू मरतो, भीती नाही, पण कच्चं प्यायचं नाही, आणि म्हशीला लस सुरू करायला मला आजच बोलवा. घरातला उंदीर चावला तर सहसा रेबीजची लस लागत नाही, मांजर चावली तर मात्र लागते, हेही बऱ्याच जणांना नवीन होतं. मलाही. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे दिसेल त्याला चावत सुटलेलंच असं नाही, काही नुसती कोपऱ्यात पडून राहतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. घशात हाड अडकलंय समजून लोक तोंडात हात घालतात. हे सरांनी दोनदा सांगितलं.

पथनाट्यही झालं. त्याबद्दल एवढंच सांगते, की कुत्र्याचं काम करणारा मुलगा चांगला होता.

आता कापलेला मार्क.

चिठ्ठी इंग्रजीत होती. ज्या बाईच्या हातात द्यायची तिला मराठी छापील अक्षर जोडून वाचता येतं, इंग्रजी नाही. त्यावर डोसांच्या तारखा अशा अक्षरात की माझ्या बीएस्सी झालेल्या पुतण्यालाही सात की एक ते कळेना. मी त्याच रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयवर चार गोल केले: हा रविवार, बुधवार, पुढचा रविवार आणि मग पार पुढच्या पानावरचा एक रविवार. चौथा गोल लांब आहे. जखम तोवर दिसतही नाही. लोक सुटतात ते तिथेच.

दहा दिवस भरल्यावर पिल्लाची चौकशी करायला फोन आला. सांगलीचा. खातंय का, पाणी पितंय का, आवाज बदललाय का, सगळं विचारलं, आणि सर येऊन लस टोचूनही गेले. शाबास. पोराची चौकशी करायला मात्र कोणाचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, सातव्या दिवशी नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी नाही. त्या शेवटच्या रविवारी मंदाच्या नात्यात लग्न होतं आणि पोरगा नव्या कपड्यांत तयार होऊन बसला होता. कॅलेंडरवरचा गोल माझ्या डोळ्यासमोर होता म्हणून आधी दवाखाना झाला, मग लग्न. लातूरची माझ्याकडेच जेवते, तिला ताटावर बसल्या बसल्याच विचारलं. म्हणाली, काकू, माझी पोस्टिंग बदलली, वही कॉलेजात जमा झाली. म्हणजे वही एक होती ती दिवसापुरती. संध्याकाळी डावं पान एका कॉलेजात गेलं, उजवं दुसऱ्या, आणि उजवं कपाटात पडलं. जे जुळलेलं बघून मी चार मार्क दिले तेच घरी जाताना उसवलं, त्याचा हा पाचवा मार्क.

तुमच्याकडे असं शिबिर हवं असेल तर पशुवैद्यकीय कॉलेजच्या विस्तार विभागाकडे आणि मेडिकलच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या, दोन्हीवर एकमेकांचा उल्लेख करून, नाहीतर एकच टोळी येते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या आठवड्यात सगळे मागतात; त्याच्या आधी-नंतरचं मागा. नळ, सावली, एक मजबूत टेबल आणि कुत्र्यांच्या ओळखीचा एक माणूस लागतो. भिंतीजवळ फवारू देऊ नका.

आम्ही पुढच्या वर्षीचं आत्ताच मागितलंय. अर्जात वेळ सकाळी सहाची लिहिली आहे, चिठ्ठ्या मराठीत छापून आणायला सांगितलंय, आणि वहीच्या उजव्या पानावर एक रकाना वाढवायला लावलाय: अठ्ठाविसाव्या दिवशी फोन कोण करणार, त्याचं नाव आणि नंबर. सरांनी मान्य केलं. मॅडमचं उत्तर अजून यायचंय.